फी माफ झाली, तरी सहा लाख सत्तर हजार: पोरीला पुण्याला पाठवू की सोलापुरातच ठेवू?

जॉबर, अक्कलकोट रोड

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांबेल, सांभाळून घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की सगळे मला हाक मारतात. आता माझ्याच हिशोबाचा धागा तुटलाय, म्हणून तुम्हाला हाक मारतोय.

पगार हातात १९,५०० पडतो. बायको कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून नव्या पेठेतल्या दोन दुकानांना देते. पीठ, शेंगदाणे, गॅस वजा जाऊन नऊ हजार धरा. वर्षाचे दोघांचे मिळून ३ लाख ४२ हजार. घर स्वतःचं, दोन खोल्यांचं, वडील मिलमध्ये होते तेव्हाचं. मिल बंद पडली त्या वर्षी मी अकरावीला होतो. कॉलेजची फी भरायची राहिली ती राहिलीच. हे रडगाणं नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

थोरली पोरगी यंदा बारावी झाली. सीईटीला ९१ पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी, जात पडताळणी आणि नॉन क्रिमिलेअर दोन्ही हातात आहे. कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या, पहिल्या फेरीत पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयामुळं आठ लाखांच्या आतल्या ओबीसी मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ते माहीत होतं. म्हणून नंबर लागला त्या दिवशी घरात पेढे आले. कॉलेजचं पत्रक हातात पडल्यावर रात्री वहीत आकडे मांडले, तेव्हा पेढ्याची चव गेली.

शिकवणी फी १ लाख २८ हजार. ती माफ. विकास शुल्क १८ हजार, ते भरायचं. विमा, जिमखाना, लायब्ररी, अनामत असलं मिळून साडेनऊ हजार. पोरींच्या पीजीत तिघींत एक खोली, कॉट बेसिसवर ६,५००. मेस ३,८००. वरखर्च १,५०० धरला, मोबाइलचा रिचार्ज त्यातच. महिन्याला झाले ११,८००. दहा महिने धरले तर १ लाख १८ हजार. लॅपटॉप ४८ हजार. जाणं-येणं, पुस्तकं, कपडे दहा हजार. पहिल्या वर्षाचे २ लाख साडेतीन हजार, पुढची तीन वर्षं १ लाख साडेपंचावन्न हजार प्रत्येकी. काहीच महागलं नाही असं धरून चार वर्षांचे ६ लाख ७० हजार. माफ झालेली फी चार वर्षांची ५ लाख १२ हजार होते. म्हणजे सरकारनं जेवढं माफ केलं, त्याहून जास्त मला अजून घालायचेच आहेत.

हाताशी काय आहे ते सांगतो. बँकेत ६२ हजार. बायकोचं दोन तोळ्यांचं गंठण. कुंभारीच्या बाजूला एक गुंठा घेऊन ठेवलाय, त्याच्यावर बाभळी उगवल्यात. मेहुणे म्हणतात गुंठा विका. बायको म्हणते गंठण पतसंस्थेत ठेवा, गुंठा धाकट्यासाठी राहू दे. धाकटा दहावीला आहे. आई म्हणते पोरीला सोलापुरातच घाला, घरची भाकरी खाईल. सोलापुरातही तिला कॉम्प्युटर मिळेल असं गेल्या वर्षीच्या कटऑफवरून दिसतंय. दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायला चार दिवस आहेत.

अजून एक. सेतूजवळ बसणारा एक एजंट म्हणाला, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत पुण्यात शिकणाऱ्या ओबीसी लेकरांना राहण्या-खाण्याला वर्षाला ६० हजार मिळतात, पण उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. दोन हजार द्या, २ लाख ४० चा दाखला काढून देतो. वर्षाला साठ हजार म्हणजे चार वर्षांचे किती ते मलाही येतं. दोन रात्री झोप नाही.

बायकोकडं जुनं विडी कामगाराचं कार्ड पण आहे. गुडघे धरले म्हणून पाच वर्षांपूर्वी वळणं सोडलं. त्याचा काही उपयोग?

कर्ज काढलेल्यांनी, गुंठा विकलेल्यांनी, पोरगी सोलापुरातच ठेवलेल्यांनी, सगळ्यांनी सांगा. नुसता धीर देऊ नका, आकडे द्या.

स्पष्टवक्ता

आयटीत भरती बंद आहे. इंजिनिअर पोरं डिलिव्हरी करतात. आयटीआय करा, लवकर हाताला काम. सहा लाख वाचले.

शाखा नंबर तीन

जॉबरसाहेब, बँकेत ३४ वर्षं काढली, आता जुळे सोलापुरात निवृत्त आहे. वही नीट मांडलीत. निम्मे पालक शाखेत येतात ते 'साधारण पाच-सहा लाख लागतील बघा' म्हणत. त्यांना कर्ज देताना आम्हालाही भीती वाटते.

आधी एजंटाचं. तुमची पगाराची पावती, पीएफ, बँकेत जमा होणारा पगार, सगळं कागदावर आहे. याच पोरीच्या कर्जाला, याच पोरीच्या फीमाफीला दरवर्षी उत्पन्नाचा दाखला लागणार. एका ठिकाणी २ लाख ४० आणि दुसऱ्या ठिकाणी ३ लाख ४२ हे कधी ना कधी समोरासमोर येतं. तेव्हा साठ हजारांबरोबर माफ झालेली फीसुद्धा वसुलीला लागेल. दोन हजार वाचवा, झोपा.

आता कर्ज. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, शाखेच्या पायऱ्या नंतर चढा. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत मार्जिन नाही, म्हणजे स्वतःचे काही टक्के आधी घालायची अट नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, तुम्ही सहकर्जदार म्हणून सही करायची. कुणी एफडी नाहीतर एलआयसीची पॉलिसी ठेवा म्हणालं तर नम्रपणे म्हणा, 'साहेब, तेवढं लेखी द्या.' बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. खोटं कशाला बोलू, शाखेत असताना मी स्वतः छोटी शैक्षणिक कर्जं टाळायचो. कागद तेवढेच, रक्कम लहान, आणि पोरगं नोकरीला लागून गाव सोडून गेलं की वसुलीला फिरायचं कुणी?

हे कर्ज नुसत्या फीसाठी नसतं. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप सगळं धरता येतं. बाहेर खोली घेतली तरी वाजवी भाडं धरतात. कॉलेजकडून चार वर्षांच्या खर्चाचं पत्र शिक्क्यासह घ्या, त्यात वसतिगृह आणि मेसचा आकडा घालायला सांगा.

पूर्ण ६ लाख ७० घेऊ नका. वर्षाला एक लाख, चार वर्षांत चार लाख घ्या. दर १० टक्के धरतो, तुम्हाला थोडा कमी-जास्त लागेल. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. झालं १ लाख ४०. म्हणजे हप्ता सुरू होताना अंगावर ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ७,१४०. पोरगी फेडेल, पण जड जाईल.

याच्या उलट, शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर? पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३३. मग शेवटी अंगावर चारच लाख उरतात, हप्ता ५,२८६. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात, विचारा. ८३३ म्हणजे वहिनींच्या किती भाकऱ्या, ते तुम्ही सांगा.

व्याज अनुदानाबद्दल कुणीतरी इथं लिहीलच. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिकतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी आली. तिच्यात आठ लाखांपर्यंतच्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांच्या यादीपुरती, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला मिळत नाही. तुमची पोरगी फीमाफी घेणार आहे. म्हणून अनुदान हिशोबात धरूच नका. मिळालं तर दिवाळी समजा.

गंठण पतसंस्थेत ठेवणं मला पटत नाही. शैक्षणिक कर्जाला थांबायची मुदत असते, सोनेतारणाला नसते. बारा महिन्यांनी तारीख येते, आणि ती बरोबर पोरीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीच्या तोंडावर येते.

होटगी रोडची आई

दादा, तुमच्या वहीत एक रकाना राहिलाय. तारखेचा.

माझा मुलगा खुल्या गटातला, त्याला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी मिळते. निम्मी म्हणजे साठ हजार. आम्ही खूश. पण प्रवेशाच्या खिडकीवर बाई म्हणाल्या, आत्ता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की तुमच्या खात्यात येईलच. दुपारी चारला खिडकी बंद होणार होती. ओळखीच्या एकाकडून शेकडा दोननं साठ हजार उचलले. सहा महिन्यांत फेडू म्हटलं.

सहा महिने गेले, पैसे नाहीत. मुलगा म्हणायचा, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज मंजूर दिसतोय. शेवटी कळलं की चूक आमचीच होती. कॉलेजला जे खातं दिलं होतं ते वेगळं आणि आधारला जोडलेलं खातं वेगळं. आठवीत असताना शाळेनं एका दुसऱ्या बँकेत काढून दिलेलं खातं, पासबुकही सापडेना. ते बंद पडलेलं. सरकारी पैसा आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिकडं जातो, तुम्ही अर्जात काय लिहिलं ते बघत नाही. ते खातं बदलून घेण्यात, परत रांगेत लागण्यात चौदा महिने गेले. साठ हजारांवर शेकडा दोननं चौदा महिने म्हणजे १६,८०० रुपये. साठ हजारांची सवलत घ्यायला आम्ही सोळा हजार आठशे मोजले. तेव्हापासून कुणी 'फी माफ' म्हटलं की मी विचारते, माफ कधी?

म्हणून सांगते, पोरीला घेऊन बँकेत जा आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आजच बघा. तिचंच खातं पाहिजे, तुमचं नाही. चालू पाहिजे. दुसरं, मुलींकडून माफ असलेली शिकवणी फी प्रवेशाच्या वेळी घ्यायची नाही असं सरकारनं कॉलेजांना सांगितलेलं आहे. खिडकीवर मागितली तर पैसे काढायच्या आधी प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्या आणि पोच घ्या. मला त्या दिवशी हे सुचलं नाही, मागं वीस माणसं उभी होती. आणि तिसरं, अर्ज दरवर्षी नव्यानं करायचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं म्हणून बसलेली लेकरं आमच्या गल्लीत दोन आहेत.

विडी घरकुलची

काका, कार्डाचं आधी सांगते कारण ते मला अंगावरचं माहीत आहे. माझी आई अजून विड्या वळते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला वर्षाला २५ हजार, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज. मला मिळाली, लॅपटॉप त्यातूनच आला. पण आई किंवा बाबा प्रत्यक्ष काम करत असायला लागतात, आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांची आहे. काकूंनी सोडलंय आणि तुमचा पगार आहे, त्यामुळं ते कार्ड कपाटातच राहू दे. तुम्ही आधीच एका एजंटाच्या तोंडी लागलात, दुसऱ्याच्या लागू नका.

आता पुणे की सोलापूर. मी सोलापुरात शिकले, कुंभारीहून बसनं ये-जा. चार वर्षांत राहण्या-खाण्यावर घरच्यांचा वेगळा असा पैसा गेलाच नाही. आज पुण्यात नोकरीला आहे. सोलापूरच्या डिग्रीवरून मला कुणी कमी लेखलं नाही, पण पहिली नोकरी मिळवायला शेवटच्या वर्षानंतर सात महिने पुण्यात येऊन राहावं लागलं. क्लास लावला, खोली घेतली, मुलाखती दिल्या. ते सात महिने मला लाखाला पडले. तेव्हा कर्ज द्यायला कुणी नव्हतं, कारण कोर्स संपलेला. मावशीनं पाटल्या मोडल्या. 'सोलापुरात फुकट झालं' असं माझी आई सगळ्यांना सांगते, मी काही बोलत नाही.

पुण्याच्या पोरींकडं काय जास्त होतं, तर दुसऱ्या वर्षापासून त्या कंपन्यांच्या दारात जात होत्या. स्पर्धा, इंटर्नशिप, सीनिअरची ओळख. अभ्यास म्हणाल तर सारखाच. मी एम-थ्रीला, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या पेपरला, त्यांच्याइतकीच रडले.

पाठवायचंच ठरलं तर पीजीच्या आधी कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाचा अर्ज टाका. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, १९५५ पासूनची. गावाकडच्या गरजू मुला-मुलींना कमी पैशात ठेवतात, मुलाखत घेतात. काम करायला लागतं, शिस्त कडक आहे, माझी मैत्रीण तिथं राहून शिकली आणि आजही सकाळी साडेपाचला उठते.

आणि काका, एवढ्या लांब लिहिलंत, पण तिला काय पाहिजे ते कुठंच आलं नाही.

बाभळीचा गुंठा

हे नाव आत्ता घेतलं, तुमच्यामुळं.

२०१६ साली मुलाच्या मेकॅनिकलसाठी विजापूर रोडकडचा दीड गुंठा विकला. कर्ज नको, कुणाच्या दारात जायला नको, ताठ मानेनं फी भरायची, असा माझा बाणा. पैसे एकदम हातात आले आणि एकदम आले म्हणूनच गेले. फीला गेले त्याच्या निम्मेच असतील. बाकी बहिणीच्या मुलीचं लग्न, गाडी, घराला रंग. एकरकमी पैशाला घरात सगळेच वाटेकरी असतात. आज त्या जागेवर दुमजली घर आहे, रस्त्यानं जाताना मी दुसरीकडं बघतो.

मुलगा नोकरीला लागला, चांगला आहे. पण त्याला कधी हप्ता भरावा लागला नाही, त्यामुळं त्याचं शिक्षण कितीला पडलं हे त्याला माहीतच नाही. कर्ज तिच्या नावावर असू द्या. गुंठा आत्ता विकू नका; धाकट्यासाठी म्हणून नाही, तिसऱ्या वर्षी काही अडलं तर म्हणून ठेवा.

जॉबर, अक्कलकोट रोड

सगळ्यांचे आभार. काल सेकंड शिफ्ट होती, उत्तर द्यायला वेळ झाला.

स्पष्टवक्तांना आधी. आयटीआयवाली पोरं माझ्याच हाताखाली शिकतात, त्यांना नावं ठेवणार नाही. पण आमच्याकडं दोन रॅपियर माग आले, त्यांना इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो गेला की आवाज ऐकून काही कळत नाही. तीस वर्षं आवाजावर माग ओळखत आलो, तिथं मी बहिरा. इचलकरंजीहून पंचवीस वर्षांचा पोरगा येतो, लॅपटॉप जोडतो, दोन तास बसतो आणि माझा आठवड्याचा पगार घेऊन जातो. चहा मीच पाजतो त्याला. पोरीला शिकवायचं का, हा प्रश्न माझ्या वहीत नाहीच.

विडी घरकुलच्या ताई, तुमचं शेवटचं वाक्य बायकोनं वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. विचारलं पोरीला. तिनं माझीच वही घेतली होती, मला न सांगता. तिनं त्यात एक पान जास्तीचं लिहिलंय. घरी राहून सोलापुरात शिकलं तर चार वर्षांचे दोन लाखांच्या आत, आणि त्याच्याखाली लिहिलंय, 'नंतर पुण्यात सहा महिने, १ लाख?' म्हणजे तुमच्या त्या सात महिन्यांचं तिला आधीच माहीत होतं. मला म्हणाली, 'पप्पा, मला पुण्यालाच जायचंय, पण गंठण ठेवून नाही. तसं असेल तर मी इथंच घेते.' तिच्या आईनं तिला जवळ घेतलं. मी बाहेर जाऊन गाडी पुसली.

एजंटाला नाही म्हटलं. तो म्हणाला, तुमच्यासारखे फार नाहीत. कौतुक होतं की शिवी, कळलं नाही.

आधारचं खातं बघायला आज गेलो. होटगी रोडच्या ताई, तुमच्यासारखंच निघालं! शिष्यवृत्तीसाठी सातवीत काढलेलं खातं. बदलायचा फॉर्म भरून दिलाय.

होटगी रोडची आई

सोळा हजार आठशे वाचले तुमचे. भाकरी पाठवून द्या.

जॉबर, अक्कलकोट रोड

तीन आठवड्यांनी लिहितोय. विचारलं होतं म्हणून सांगायला हवं.

पुणे ठरलं. दुसऱ्या फेरीत काही बदललं नाही, बदलावं म्हणून आम्हीही काही केलं नाही. कॉलेजच्या वसतिगृहात नंबर लागला, पीजीपेक्षा वर्षाला तेरा हजार कमी. पीजीला टोकन म्हणून दोन हजार दिले होते, ते गेले.

खिडकीवर शिकवणी फी मागितलीच. अर्ज घरूनच लिहून नेला होता. अर्ज दिला, पोच मागितली, तर आतून एक साहेब आले आणि म्हणाले हमीपत्र द्या, चालेल. हमीपत्रात असं आहे की शासनाकडून रक्कम आली नाही तर पालक भरेल. सही केली. त्याशिवाय इलाज नव्हता, पण तेवढी एक भीती घेऊन आलोय.

कर्ज चार लाखांचं, तिच्या नावावर, वर्षाला लाख. व्याज दर महिन्याला भरायचं. ८३३ म्हणजे किती भाकऱ्या विचारलं होतं. वरखर्च जाऊन बायकोला भाकरीमागं अडीच रुपये सुटतात. तीनशे तेहतीस भाकऱ्या. चौथ्या वर्षी तेराशेच्या वर. तिनं सात रस्त्याकडचं तिसरं दुकान धरलंय आणि धाकट्याला पीठ आणायच्या कामाला लावलंय. त्याला तेवढाच त्रास झालाय या सगळ्याचा, असं त्याचं म्हणणं आहे.

कर्जातले पैसे यायला वेळ लागणार, आणि ते लाख नि बँकेतले ६२ हजार धरूनही पहिल्या वर्षाला तीस-साडेतीस हजार कमी पडत होते. कारखान्यात आमची बारा जणांची लिलावाची भिशी आहे, महिन्याला चार हजारांची; जो जास्त पैसे सोडायची बोली लावेल त्यानं उचलायची. दुसऱ्याच महिन्यात उचलली, अठ्ठेचाळीसचे साडेत्रेचाळीस हातात आले. साडेचार हजार गेले. पण ते बारा जणांत वाटले जातात, त्यातलं थोडं माझ्याकडंही परत येतं, आणि शेकडा दोनच्या दारात जावं लागलं नाही. वॉर्पिंग खात्यातला एक जण त्याच महिन्यात बोली लावणार होता, त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. त्याला विचारून उचलली. तो म्हणाला पुढच्या महिन्यात चालेल. चालत नव्हतं त्याला, मला दिसत होतं.

गुंठा तसाच आहे. गंठण गळ्यात आहे.

सोमवारची हुतात्मा एक्स्प्रेस. जाताना दोन तिकिटं, येताना एक. सेकंडचे सहा टॉवेल बांधून दिलेत, खोलीतल्या पोरींना द्यायला. कडेचा टाका जरा हुकलाय एवढंच, बाकी माल एक नंबर.

शाखा नंबर तीन साहेब, एक शंका राहिली. बँकेनं सगळे कागद घेतले आणि आता वडिलांच्या नावची घरपट्टीची पावती मागितलीय. तारण नाही म्हणता, मग घरपट्टी कशाला?

शाखा नंबर तीन

पत्त्याच्या पुराव्याला मागितली असेल. झेरॉक्स द्या, सही करून त्यावर 'फक्त शैक्षणिक कर्जासाठी' असं लिहा. घराचे मूळ कागद मागितले तर मात्र देऊ नका, मला कळवा, मी तुमच्याबरोबर येतो.